एफएससीचा शिक्का असलेल्या लाकडावर किती विसंबायचं?

रानवाट

फर्निचर घ्या, छपाईचा कागद घ्या, पुठ्ठ्याचं खोकं घ्या. कोपऱ्यात झाड आणि बरोबरची खूण असलेलं एफएससीचं चिन्ह हल्ली हमखास दिसतं. लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातलं आहे, असा त्याचा दावा. ते दिसलं की आपण निर्धास्त होतो. माझं मत स्पष्ट सांगते: ही व्यवस्था जंगलापेक्षा कागदपत्रं जास्त तपासते, आणि ज्याची तपासणी व्हायची तोच तपासनिसाचं बिल भरतो. हे बदलेपर्यंत या शिक्क्यावर डोळे झाकून विसंबू नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1992च्या रिओ पर्यावरण परिषदेत जंगलांसाठी बंधनकारक करार होऊ शकला नाही, नुसती तत्त्वं जाहीर झाली. सरकारांना जमलं नाही ते बाजारातून करून बघू म्हणून पर्यावरण संघटना, व्यापारी आणि आदिवासींचे प्रतिनिधी 1993 साली टोरांटोत एकत्र आले आणि फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी उभी राहिली. पर्यावरण, समाज आणि अर्थकारण असे तिचे तीन गट आहेत आणि तिघांच्या मताला सारखं वजन. 1999 साली युरोपातल्या जंगलमालकांच्या पुढाकाराने पीईएफसी ही दुसरी प्रमाणपत्र व्यवस्था आली. ती स्वतः एकच नियमावली लादत नाही, देशोदेशींच्या नियमावल्यांना मान्यता देते.

प्रमाणपत्रं दोन. एक जंगलाचं: मुदत 5 वर्षं, दरवर्षी पाहणी. दुसरं साखळीचं: ओंडका जंगलातून निघाल्यापासून आरागिरणी, कारखाना, व्यापारी अशा ज्या ज्या हातात जातो त्या प्रत्येकाकडे ते हवं. मधली एक कडी तुटली की पुढे शिक्का लावता येत नाही.

रचना चांगली आहे, मान्य. पण तपासणी करणाऱ्या संस्था खाजगी आहेत आणि कंपनी त्यांतली आपल्याला हवी ती निवडते. कडक तपासनीस गिऱ्हाईक गमावतो. 2020 साली अर्थसाइट या संस्थेने युक्रेनमधल्या बीच जातीच्या झाडांच्या जंगलांवर अहवाल काढला. वन्यजीवांच्या विणीच्या काळात जिथे तोड बंद असायला हवी तिथे ती झाली, आणि ते लाकूड एफएससीच्या साखळीतून आयकिया या फर्निचर कंपनीच्या पुरवठादारांपर्यंत गेलं, असं त्यात मांडलं आहे. ग्रीनपीस इंटरनॅशनल ही पर्यावरण संघटना एफएससीच्या संस्थापकांपैकी. तिनेही 2018 साली सदस्यत्व सोडलं.

कातळ

असहमत. तुम्ही प्रमाणित जंगलाची तुलना आदर्श जंगलाशी करताय. तुलना व्हायला हवी ती शेजारच्या अप्रमाणित तोडीशी.

अशी तुलना झालेली आहे. गॅबन आणि काँगो प्रजासत्ताकात तोडीसाठी दिलेल्या 14 पट्ट्यांमध्ये, निम्मे प्रमाणित आणि निम्मे अप्रमाणित, कॅमेरे लावून अभ्यास झाला. तो 2024 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. 100 किलोंहून जड प्राणी, म्हणजे हत्ती, गोरिला वगैरे, प्रमाणित पट्ट्यांत 2.7 पट जास्त दिसले. कारणं कागदी नाहीत. तोड संपली की जुने रस्ते ओंडके आडवे टाकून बंद करतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तपासतात, मजुरांना दुसरं मांस पुरवतात म्हणजे ते शिकारीला जात नाहीत. उष्णकटिबंधातल्या जंगलात झाड पडण्याइतकंच नुकसान त्या झाडासाठी काढलेल्या रस्त्याने होतं. रस्ता झाला की बंदूक आत जाते.

आणि तोडीची पद्धत बघा. चांगल्या पट्ट्यात आधी एकेका झाडाची गणना होते, नकाशावर जागा पडते. तोडीच्या कित्येक महिने आधी वेली कापून ठेवतात, कारण वेलींनी जखडलेलं एक झाड पाडलं तर ते शेजारची चार ओढून खाली आणतं. झाड कुठल्या बाजूला पाडायचं ते आधी ठरतं. जो नंबर बुंध्याच्या खुंटावर, तोच ओंडक्यावर. तपासनीस रानात जाऊन खुंटावरून ओंडका जुळवू शकतो. याला नुसती कागदाची तपासणी कसं म्हणायचं?

रानवाट

कातळ, काँगोचा अभ्यास मी वाचलाय आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पण मेक्सिकोचाही वाचा. तिथल्या एफएससी प्रमाणित जंगलांवर 2018 साली अभ्यास आला. प्रमाणपत्रामुळे जंगलतोड घटली असा पुरावा त्यात सापडला नाही.

शिवाय प्रमाणित क्षेत्र आहे कुठे? एफएससीचं सुमारे 16 कोटी हेक्टर. त्यातलं बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेत, जिथे कायदा आणि वनखातं आधीच बऱ्यापैकी काम करतं. जिथे जंगल खरोखर जळतंय, कापलं जातंय, तिथे वाटा अगदी थोडा.

कातळ

जंगल बहुतेक ठिकाणी शेती आणि गुरांच्या कुरणांसाठी साफ होतं. प्रमाणपत्र मागतो तो लाकूड विकणारा. कुरणवाल्याला त्याची गरजच नाही, मग त्याने केलेली तोड प्रमाणपत्र कशी थांबवेल? जे काम त्याचं नाही त्यात नापास करण्यात अर्थ नाही.

ग्वाटेमालाचं माया राखीव क्षेत्र बघा. 1990 साली ते जाहीर झालं. त्यातल्या काही भागात गावांना 25 वर्षांच्या करारावर जंगल दिलं, अट अशी की 3 वर्षांत प्रमाणपत्र मिळवायचं. महोगनी तोडायची, पण दरवर्षी ठरलेल्या तुकड्यातलीच. त्या गावांकडचं जंगल बऱ्याच अंशी टिकलं. त्याच राखीव क्षेत्रातलं लगुना देल टिग्रे हे राष्ट्रीय उद्यान, जिथे तोडीला पूर्ण बंदी, तिथे गुरांसाठी प्रचंड तोड झाली.

माळरान

कातळ, या उदाहरणात जंगल वाचवलं ते हक्कानं. 25 वर्षं हे रान आपलं आहे हे माहीत असलेला माणूस त्याची राखण करतो, आग लागली तर धावतो, घुसखोराला अडवतो. प्रमाणपत्र नसतं आणि नुसता करार असता तरी बरंच काही झालं असतं. उलट करार नसता तर नुसत्या प्रमाणपत्राने काहीच झालं नसतं.

छोट्या मालकांचाही विचार करा. तपासणीचा खर्च हजारो हेक्टरवर विभागला तर काही वाटत नाही, थोडक्या रानावर तो झेपत नाही. एफएससीने लहान जंगलांसाठी सोपी पद्धत आणि गटाने मिळून एक प्रमाणपत्र घ्यायची सोय केली आहे, पण गट बांधणं, नोंदी ठेवणं हे काम शेवटी कुणीतरी करावंच लागतं. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी माणूस असतो.

शाई_आणि_कागद

छपाईच्या कागदाच्या खरेदीत काम करते म्हणून लिहिते. तुम्ही सगळे 'शिक्का' म्हणताय, पण शिक्के तीन आहेत आणि त्यांचा अर्थ एक नाही. '100 टक्के' म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं. 'रिसायकल्ड' म्हणजे सगळं पुनर्वापराचं. बाजारात रोज हाताखालून जातो तो 'मिक्स'.

मिक्समध्ये एक पद्धत टक्केवारीची: किमान 70 टक्के माल प्रमाणित किंवा पुनर्वापराचा हवा. दुसरी जमाखात्याची. समजा गिरणीत 100 टन लगदा आला, त्यात 40 टन प्रमाणित. गिरणी तेवढ्या मापाचा माल शिक्क्यानिशी विकू शकते, भले त्या नेमक्या रिमात प्रमाणित तंतू एकही नसो. उरलेल्या लाकडाला 'नियंत्रित' ठरावं लागतं, म्हणजे बेकायदा तोड नको, लोकांचे हक्क डावललेले नकोत, मोलाचं जंगल धोक्यात आलेलं नको, जंगल मोडून लावलेल्या बागा नकोत, जनुक बदललेली झाडं नकोत. ही किमान चाळणी आहे, चांगल्या व्यवस्थापनाची हमी नव्हे. ग्राहकाला हा फरक कुणी सांगत नाही, आणि मला ही फसगत तपासनिसाच्या बिलापेक्षा मोठी वाटते.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे बिल येतं त्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि दावा, म्हणजे 100 टक्के की मिक्स, छापलेला असावा लागतो. क्रमांक एफएससीच्या संकेतस्थळावर घालून बघता येतो, दोन मिनिटांचं काम. बरेच खरेदीदार ते करत नाहीत.

रानवाट

मिक्सचा मुद्दा फार महत्त्वाचा, आभार. त्यात अजून एक घाला. नोव्हेंबर 1994 नंतर नैसर्गिक जंगल मोडून बाग लावली असेल तर तिला प्रमाणपत्र नाही, असा एफएससीचा जुना नियम होता. 2022च्या बाली अधिवेशनात ती रेषा 2020च्या अखेरपर्यंत पुढे आणली. मधल्या काळात जंगल मोडणाऱ्यांना आता भरपाई करून आत येता येतं. ज्यांनी इतकी वर्षं नियम पाळला त्यांना यातून काय संदेश गेला?

कातळ

भरपाई म्हणजे दंड भरून सुटका नव्हे. जंगल पुन्हा उभं करायचं, विस्थापितांचं नुकसान भरायचं, आणि ते तपासून मगच दार उघडतं. जुनी रेषा ठेवली असती तर त्या जमिनी कायम बाहेर राहिल्या असत्या आणि मालकाला तिथे एकही झाड परत लावायचं कारण उरलं नसतं. मला हा निर्णय पटतो, अंमलबजावणीवर मात्र लक्ष ठेवावं लागेल.

रानवाट

'लक्ष ठेवावं लागेल', आणि ते ठेवणार कोण? पुन्हा तोच तपासनीस. म्हणून माझी मागणी एकच आहे. कंपन्यांनी शुल्क एका सामाईक निधीत भरावं आणि तपासनीस एफएससीने नेमावा, कंपनीने नाही. तपासणी संस्थांवर नजर ठेवायला एएसआय ही संस्था आहे, पण ती सगळीकडे पोचू शकत नाही. युरोपीय संघाच्या 2023च्या जंगलतोडविरोधी कायद्यात लाकूड ज्या जमिनीतून आलं तिचे अक्षांश-रेखांश द्यायचे आहेत, आणि प्रमाणपत्र आहे म्हणून आयातदाराची जबाबदारी संपत नाही. कायदा करणाऱ्यांनीही शिक्का पुरेसा मानलेला नाही.

माळरान

सामाईक निधीला माझा पाठिंबा, एका अटीवर: शुल्क क्षेत्रफळावर नको, उलाढालीवर हवं. आणि अक्षांश-रेखांशाबद्दल सांगते. मोठ्या कंपनीकडे नकाशे तयार असतात. ज्या गावाच्या जमिनीची मोजणीच कधी झाली नाही, त्याचं लाकूड कितीही नीट तोडलेलं असलं तरी याच अटीवर अडकेल. ती मोजणी कुणाच्या खर्चाने होणार हे आधी ठरवा.