फॉक्सप्रो सोडून लाझारसवर जावं की सरळ मिहानमधली आयटी कंपनी गाठावी? (नागपूर)

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण पहिलेच सगळं सांगून टाकतो.

वय ३१. इतवारीतल्या एका छोट्या फर्ममध्ये आठ वर्षांपासून आहे. आम्ही तिघं, आणि माल एकच: कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, खरेदीदारांची उधारी. सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मध्ये, म्हणजे डेटाबेसचे प्रोग्राम लिहायच्या जुन्या साधनात. पुढची आवृत्ती काढणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच सांगितलं होतं, २०१५ च्या जानेवारीत सपोर्टही बंद केला. तरी चालून राहिलं, आणि झपाट्याने चालतं, उगाच नावं ठेवणार नाही.

त्रास आहे तो लाइट गेली की. तुरीचा हंगाम, तीन कॉम्प्युटर एकाच फाइलवर, मध्येच लाइट जाते, इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) खराब होतो आणि मुनीमजींचा फोन येतो, "भाऊ, पट्टी निघून नाही राहिली, शेतकरी समोर उभा आहे." मग सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर काढा, रिइंडेक्स मारा. तोवर तिकडे काय ऐकून घ्यावं लागतं ते मुनीमजींनाच माहीत.

आता मालक म्हणतात, हे सगळं लाझारसमध्ये (पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायचं फुकट, ओपन सोर्स साधन) नव्याने लिही, नफ्यात हिस्सा देतो. माझं मन डेल्फीवर (तसंच, पण विकतचं साधन) होतं, पण त्याची फुकटची कम्युनिटी आवृत्ती वर्षाला पाच हजार डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठीच. आम्ही त्यात बसत नाही, आणि विकतच्या लायसनचं नाव काढलं की मालक पंख्याकडे पाहतात.

दोन शंका आहेत. एक मित्र म्हणतो, ओपन सोर्समध्ये लिहिलंस तर प्रत्येक अडत्याला सोर्स कोड द्यावा लागेल. खरं आहे का? आमचा स्पर्धक दोन गल्ल्या सोडून बसतो हो! दुसरं म्हणजे, उद्या नोकरी शोधायची वेळ आली तर लाझारसला कोण विचारतं? मिहानमधल्या एका मुलाखतीत मी फॉक्सप्रो म्हटलं, समोरच्याला ते फायरफॉक्स वाटलं.

प्रतिसाद १
मित्राचं अर्धवट आहे. लाझारस ज्यावर चालतं त्या फ्री पास्कलचा कंपायलर जीपीएलखाली (प्रोग्राम दिलात तर सोर्सही द्या, असं म्हणणारं लायसन) आहे, पण त्यातून निघालेल्या तुमच्या प्रोग्रामला ते लागू होत नाही. लाझारसच्या लायब्ररीला सवलत दिलेलं एलजीपीएल (जीपीएलचा सैल प्रकार) आहे, म्हणजे ती तुमच्या एक्झीत (तयार प्रोग्रामच्या फाइलीत) जोडून सोर्स न देता विकता येतं. लायब्ररीतच बदल केलेत तर तेवढे बदल द्यावे लागतात. खरी जोखीम बाहेरून घेतलेल्या कंपोनंटची. रिपोर्टसाठी वगैरे काही उचललंत तर त्याचं लायसन आधी वाचा. ते निव्वळ जीपीएल निघालं तर मित्र बरोबर ठरेल.

आणि डेटातली नावं जुन्या मराठी फॉन्टात असतील ना? फॉक्सप्रोला युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत) येत नाही, लाझारस त्याच्याच यूटीएफ-८ या रूपावर चालतं. सगळी नावं बदलून घ्यावी लागतील. जोडाक्षरं आणि रफार तिथंच फसतात, महिना त्यातच जाईल.

प्रतिसाद २
लाझारसच्या नोकरीच्या जाहिराती नागपुरात शोधू नका, मिळणार नाहीत. म्हणून डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवा, एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) पक्कं करा. वीज गेली तरी इंडेक्सचं रडगाणं संपेल, आणि मुलाखतीत "जुना डेटा चालत्या धंद्यात नव्या डेटाबेसवर नेला" हे सांगता येईल. तेवढं भाषेच्या नावापेक्षा जड आहे.

हिश्श्याचं मात्र कागदावर घ्या. नोकरीत लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याने मालकाचा असतो. दोन वर्षं राबाल आणि बाहेर पडताना हातात काही नसेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. फॉन्टचं तर लक्षातच नव्हतं, आमच्याकडे शिवाजी फॉन्टातली नावं आहेत.

कागदाचं आज मालकांना विचारलं. म्हणाले, "कागद कशाला बे, घरचाच तर आहेस तू."