मदत हवी आहे: निम्म्या खुर्च्यांच्या नाटकाला सहा जणांची तिकिटं कशी काढावीत?

अबोली | 4 डिसेंबर 2021

रविवारी 26 तारखेला पुण्यात बालगंधर्वला साडेपाचच्या नाटकाला जायचं ठरतंय. सहा जण आहोत: आम्ही दोघं, 13 वर्षांचा मुलगा, 78 वर्षांच्या सासूबाई, मावशी आणि काका. प्लॅन (खुर्च्यांच्या विक्रीचा तक्ता) अजून उघडलेला नाही, म्हणून आधीच विचारून ठेवते.

कोरोनामुळे निम्म्याच खुर्च्या विकतात. एक खुर्ची सोडून बसायचं असेल तर घरच्यांना एकत्र बसता येतं का? मुलाला एकटं बसवायचं नाहीये. सासूबाईंना कानाचं यंत्र आहे, गुडघ्यांमुळे पायऱ्याही नकोत. मावशींचा कोविशील्डचा पहिला डोस 20 सप्टेंबरला झाला, दुसरा बाकी आहे. आम्हा बाकी मोठ्यांचे दोन्ही होऊन तीन महिने झाले. मुलाला अजून लस नाहीच. कोणाकोणाला आत सोडतील? आणि तिकिटं खिडकीवर काढावीत की ऑनलाइन?

तिसरी घंटा | 4 डिसेंबर

मावशींचं आधी बघू, कारण त्याने तारीखच बदलेल.

राज्य सरकारच्या 27 नोव्हेंबरच्या आदेशाप्रमाणे अशा कार्यक्रमाला पूर्ण लसीकरण झालेल्यांनाच प्रवेश आहे. पूर्ण म्हणजे दोन डोस, आणि दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस उलटलेले. कोविशील्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर लागतं. 20 सप्टेंबरपासून ते 13 डिसेंबरला भरतं. त्याच दिवशी दुसरा डोस मिळाला तरी 14 दिवस 27 डिसेंबरला पुरे होतात. म्हणजे 26 चा प्रयोग हुकतोच. एक डोस आणि निगेटिव्ह चाचणी यावर नाट्यगृहात सोडत नाहीत, त्या भरवशावर तिकीट काढू नका. प्रकृतीच्या कारणाने लस घेताच येत नसेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि फोटो ओळखपत्र चालतं, पण मावशींचं तसं दिसत नाही. सहाही जणांना एकत्र जायचं असेल तर 2 जानेवारीचा रविवार धरा.

मुलाची अडचण नाही. 18 च्या आतल्यांना लसीची अट नाही, मात्र वय दाखवणारं फोटो असलेलं ओळखपत्र हवं. शाळेचं किंवा सरकारी, दोन्ही चालतात. शाळा बराच काळ बंद राहिल्याने पुष्कळ मुलांची ओळखपत्रं दोन वर्षांपूर्वीची आहेत आणि या वयात चेहरा झपाट्याने बदलतो. आधार कार्ड बरोबर ठेवा.

मोठ्यांनी युनिव्हर्सल पास (दोन्ही डोस झाल्याचा सरकारी पास) काढावा, किंवा कोविनचं प्रमाणपत्र आणि फोटो ओळखपत्र न्यावं. पास काढताना लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. ओटीपी येतो तो लस घेताना नोंदवलेल्या मोबाइलवर. वयस्कर माणसांची नोंदणी बहुतेक वेळा मुलाच्या नाहीतर भाच्याच्या नंबरवर झालेली असते आणि तो परगावी असतो. सासूबाईंचा नंबर कोणता दिलाय ते आजच विचारा. प्रमाणपत्रावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेही पाहा. कोविनवर दुरुस्ती करता येते, पण एकदाच, तेव्हा शब्द न् शब्द तपासून भरा. आणि सगळ्यांच्या छापील प्रती जवळ असू द्या. दाराशी गर्दीत फोनला रेंज नसली की एका माणसामुळे सगळी रांग तुंबते.

विंगेजवळ | 4 डिसेंबर

आता खुर्च्यांचं सांगतो.

निम्म्या क्षमतेचे प्लॅन दोन तऱ्हेचे असतात. पहिल्यात कोणत्या खुर्च्या विकायच्या ते आधीच ठरलेलं असतं, उरलेल्यांवर सुरुवातीपासून फुल्या. दुसऱ्यात तुम्ही सलग तीन घेतल्यात तर तिन्ही मिळतात आणि दोन्ही टोकांच्या खुर्च्या आपोआप बंद होतात. प्लॅन उघडल्या उघडल्या पाहिलात तर लगेच कळतं. एकही तिकीट गेलेलं नसताना बंद खुर्च्यांची नक्षी सगळीकडे सारखी दिसली तर पहिली तऱ्हा. सगळ्या मोकळ्या दिसल्या तर दुसरी.

दुसऱ्या तऱ्हेत सगळी तिकिटं एकाच व्यवहारात काढा. तीन तुमच्या फोनवरून आणि तीन काकांच्या फोनवरून काढलीत तर प्रणाली ती दोन वेगळी कुटुंबं धरते आणि मधली खुर्ची बंद करते. मग ती कोणालाच मिळत नाही. शिवाय निवडलेल्या खुर्च्या पैसे भरेपर्यंत काही मिनिटंच धरून ठेवलेल्या असतात. कार्ड शोधण्यात वेळ गेला की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या तऱ्हेत एक आड एक असेल तर शेजारी बसता येणार नाही. पण जोड्यांचा प्लॅन असेल (दोन भरलेल्या, दोन रिकाम्या, मागच्या रांगेत त्याच्या उलट) तर सहा जणांसाठी तो उत्तम. समजा पॅसेजकडून आकडे सुरू होतात. एफ 1-2, एफ 5-6 आणि त्यांच्या मागे जी 3-4 घ्या. तिन्ही जोड्यांचा त्रिकोण होतो, मध्ये दुसरं कोणी येत नाही आणि मागे वळून एकमेकांशी बोलता येतं. सासूबाई एफ 1, त्यांच्या शेजारी तुम्ही. मुलगा वडिलांबरोबर जी 3-4. आकडे डावीकडून सुरू होतात की उजवीकडून हे नाट्यगृहागणिक वेगळं असतं, ते विचारून घ्या.

पॅसेजची खुर्ची घेताना आणखी एक पाहावं. आतल्या प्रत्येक माणसासाठी टोकाच्या माणसाला उठावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना हा त्रास पायऱ्यांइतकाच असतो. मधल्या लांब रांगेचं टोक घेण्यापेक्षा बाजूच्या आखूड रांगेचं टोक घ्या. नाटक थोडं तिरकं दिसेल, पण उठबस निम्म्याहून कमी होईल.

म्हणूनच तुमच्यासाठी खिडकी बरी. ऑनलाइन प्लॅनवर पायऱ्या दिसत नाहीत. बाजूच्या दारातून शिरल्यावर कोणती रांग सपाटीवर येते हे बुकिंगवाल्याला तोंडपाठ असतं. त्याला विचारा, "आजींना एकही पायरी न चढता कुठली रांग गाठता येईल?" बुकिंगच्या वेळा साधारण सकाळी आणि संध्याकाळी असतात, दुपारी खिडकी बंद. नाटकाच्या जाहिरातीत प्लॅन कधी उघडणार ते छापलेलं असतं. त्या पहिल्या सकाळीच जा. निम्म्याच खुर्च्या असल्याने टोकाच्या जागा पहिल्या तासात जातात. पैसे मात्र मावशींचा दुसरा डोस झाल्यावर भरा. काढलेलं तिकीट प्रेक्षकाच्या अडचणीसाठी सहसा परत घेत नाहीत.

पारावरचा | 5 डिसेंबर

एवढा खटाटोप कशाला? मिळतील ती सहा तिकिटं काढायची आणि अंधार झाला की सरकून एकत्र बसायचं. घरचेच तर आहेत.

विंगेजवळ | 5 डिसेंबर

हे कृपा करून करू नका. रिकामी खुर्ची तुमच्या आणि पलीकडच्या माणसाच्या मध्ये ठेवलेली असते. तुम्ही तिच्यावर सरकलात की तुमचं कुटुंब जवळ येतं, पण पलीकडचा अनोळखी माणूस तुमच्या कोपराला लागतो. त्याने तेवढं अंतर राहील या विश्वासावर तिकीट घेतलेलं असतं.

शिवाय तपासणी झाली तर दंड एकट्या प्रेक्षकाला होत नाही. मास्क नसलेल्याला 500 रुपये, पण नियम पाळून न घेणाऱ्या आस्थापनेला 10,000. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली, नोव्हेंबर 2020 मध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली आणि आत्ता 22 ऑक्टोबरला परत सुरू झाली. प्रयोगाला भाडं, टेम्पो, बस, कलाकारांची आणि बॅकस्टेजची नाइट (एका प्रयोगाचे पैसे), जाहिरात हे सगळं पूर्ण लागतं आणि गल्ला निम्म्याच खुर्च्यांचा. त्यात एका प्रयोगाचा दंड म्हणजे पुढचा प्रयोग लावायचा की नाही असा प्रश्न उभा राहतो. बॅकस्टेजच्या माणसाचं पोट त्या पुढच्या प्रयोगावर असतं.

चौकट | 5 डिसेंबर

एक शंका. सहा फूट अंतर म्हणतात, मग निम्म्या खुर्च्या भरल्यावर सहा फूट राहतं का?

विंगेजवळ | 5 डिसेंबर

राहत नाही. हिशेब करून पाहा. एका खुर्चीच्या मध्यापासून शेजारच्या खुर्चीच्या मध्यापर्यंत साधारण 53 सेंमी धरा, आणि रांगेपासून रांग 90 सेंमी. एक आड एक बसलं तर त्याच रांगेतला शेजारी 106 सेंमीवर येतो आणि मागच्या रांगेतला तिरका शेजारी 104 वर. म्हणजे साडेतीन फुटांच्याही थोडं आत. सहा फूट म्हणजे 183 सेंमी. खरोखर तेवढं ठेवायचं तर एक रांग पूर्ण सोडून दुसऱ्या रांगेत दर चौथी खुर्ची द्यावी लागेल. बालगंधर्वच्या 989 खुर्च्यांपैकी सव्वाशेच्या आत भरतील. एवढ्यावर कोणाचाच प्रयोग उभा राहत नाही. म्हणून आदेशात सहा फूट "शक्य तिथे" आहे आणि मर्यादा 50 टक्क्यांची. अंतराची उणीव मास्क आणि लस यांनी भरायची असते, म्हणून त्या दोन्हींबद्दल दाराशी इतका आग्रह.

याच हिशेबात जोड्यांचा प्लॅन सरस ठरतो. दोन भरलेल्या, दोन रिकाम्या ठेवल्या तर खुर्च्या तेवढ्याच विकल्या जातात. तिरकं अंतर तेच 104 राहतं, पण त्याच रांगेतला अनोळखी शेजारी 106 वरून 159 सेंमीवर जातो. प्लॅन आखणाऱ्या हौशी संस्थांनी हे ध्यानात घ्यावं: पहिल्या रांगेची मांडणी हवी तशी करा, दोनाची, तिनाची, एकट्याची, आणि मागची रांग तिच्या बरोबर उलट ठेवा. भरलेल्याच्या मागे रिकामी, रिकाम्याच्या मागे भरलेली. 27 खुर्च्यांच्या रांगा असल्या तर एका रांगेत 14 आणि पुढच्या रांगेत 13 येतात, दोन रांगांत बरोबर निम्म्या. चूक होते ती रांगा विषम असल्या तर उरणाऱ्या शेवटच्या सुट्या रांगेत. तिथे 14 ऐवजी 13 च विका, नाहीतर एकूण आकडा मर्यादेच्या वर जातो. आणि 989 च्या निम्म्या 494 मध्ये फुकट पास, निमंत्रित, निर्मात्याच्या राखीव खुर्च्या सगळं येतं. पास वेगळे मोजायची जुनी सवय इथे अंगाशी येते.

कोपऱ्यातली खुर्ची | 6 डिसेंबर

आजींसाठी दोन-तीन गोष्टी.

अर्धं भरलेलं नाट्यगृह जास्त घुमतं. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात, ती निम्मी झाली की शब्दांची शेपटं एकमेकांत मिसळतात. ज्यांना नीट ऐकू येतं त्यांना फारसा फरक पडत नाही, पण कानाच्या यंत्राला तो गोंगाटच वाटतो. म्हणून बाल्कनी नको, आणि बाल्कनीच्या खाली येणाऱ्या मागच्या रांगाही नकोत. पुढून पाचवी ते दहावी रांग बघा. पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवल्या असतील तर मोजणी त्यानुसार सरकवा.

कानात अडकवायचा मास्क आणि कानामागचं यंत्र यांची सांगड बसत नाही. मास्क काढताना नाडीबरोबर यंत्र उडून खुर्चीखाली जातं आणि अंधारात सापडत नाही. डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा मास्क घ्या, किंवा दोन्ही नाड्या मानेमागे जोडणारी पट्टी लावा. चष्माही असेल तर नाकावर तार असलेला मास्क घेऊन ती घट्ट दाबा आणि चष्मा मास्कच्या कडेवर बसवा. नाहीतर काचांवर वाफ धरते आणि पहिला अंक धूसर जातो. दोन तास मास्क लावून बसायची सवय नसेल तर आधी घरी टीव्हीसमोर एकदा बसवून पाहा.

वातानुकूलन 24 ते 30 अंशांत ठेवण्याच्या सूचना आहेत, त्यामुळे पूर्वीसारखा गारठा नसतो. जाड शालीत जीव घाबरेल, सुती साडीवर पातळ काहीतरी पुरे.

अबोली | 6 डिसेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. 2 जानेवारी ठरवते. मावशींचा 13 ला डोस घेऊन मगच खिडकीवर जाईन. किती आधी पोचावं? आणि सासूबाई पदर किंवा रुमाल तोंडाला लावतात, तो चालेल का?

तिसरी घंटा | 6 डिसेंबर

रुमाल चालत नाही. त्याच आदेशात स्पष्ट म्हटलंय की रुमाल म्हणजे मास्क नव्हे, दंड होतो. पदराचंही तेच समजा. पर्समध्ये दोन मास्क जादा ठेवा. नाडी तुटते ती नेमकी दाराशी.

साडेपाचच्या प्रयोगाला पावणेपाचला पोचा. दाराशी तिकीट, प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि ताप असं चार ठिकाणी थांबावं लागतं. सहा जणांचे कागद एकाच माणसाकडे दिले की चाळत बसावं लागतं. प्रत्येकाच्या हातात त्याचे स्वतःचे द्या, मुलाच्याही. उन्हातून चालत आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं आणि यंत्र जास्त आकडा दाखवतं. तसं झालं तर वाद घालू नका, पाच मिनिटं सावलीत बसून पुन्हा मोजायला सांगा.

मध्यंतरात सगळे एकदम उठतात. स्वच्छतागृहाला जायचं असेल तर आजींना पडदा पडल्यावर लगेच न नेता गर्दी ओसरल्यावर न्या, किंवा तिसऱ्या घंटेच्या आधीच जाऊन यायला सांगा. खाणं बाहेरच, प्रेक्षागृहात नेऊ नका. प्रयोग संपल्यावर कलाकारांना भेटायला रंगपटात सोडत नाहीत, मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

तिकिटाचा अर्धा भाग आणि पावती घरी येईपर्यंत जपा. प्रयोग ऐनवेळी रद्द झाला तर खिडकीवर पैसे त्याच कागदावर मिळतात. आणि निघण्याआधी सकाळी खिडकीवर एक फोन करा. एखाद्या कलाकाराची चाचणी पॉझिटिव्ह आली तर छापील जाहिरात बदलायला वेळ मिळालेला नसतो.