भगिनी शहरांचे करार महापालिकांनी करूच नयेत

उंबरठा:
दोन देशांतल्या शहरांची मैत्री रहिवाशांच्या समित्यांनीच चालवावी, महापौरांच्या सह्या नकोत. वाद होतो राज्यकर्त्यांचा आणि भोगतात नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'कम्फर्ट विमेन' (दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रिया) स्मारकावरून जपानच्या ओसाकाने 1957 पासूनचं नातं 2018 मध्ये तोडलं. प्राग-बीजिंग करारात तर 'एक चीन'चं, म्हणजे तैवान चीनचाच भाग मानण्याचं, कलमच घातलं होतं. त्यावरून 2019 मध्ये करार मोडला. याउलट ब्रिटनमधलं रेडिंग आणि जर्मनीतलं डसेलडॉर्फ पाहा. मैत्री 1947 ची, औपचारिक करार थेट 1988 चा. मधली 41 वर्षं कागदावाचून काही अडलं का?

तिसरी घंटा:
उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या डसेलडॉर्फची सहा मुलं रेडिंगमध्ये राहायला बोलावली ती फीबी कस्डेन यांनी, आणि त्या तेव्हा महापौर होत्या! कालच्या शत्रूची मुलं घरात घ्या, हे सांगायला त्या पदाचं वजन लागलं. प्रागमध्ये खोट त्या एका कलमात होती. करारात परराष्ट्र धोरण घुसवू नका, एवढं पुरे.

हिशेबनीस:
सही कुणाची यापेक्षा समित्या बंद का पडतात ते बघा. भेटीला येणाऱ्या पाहुण्यांना ठेवून घेणारी यजमान घरं मिळत नाहीत, हे मोठं कारण. पाहुणे-यजमानांच्या जोड्या नुसत्या वयावरून लावल्या की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बोलायला विषय उरत नाही. अर्जात छंद, येणारी भाषा, ॲलर्जी, घरातले प्राणी, जिने चढता येतात का, हे सगळं विचारा. दोन घरं राखीव ठेवा. ऐनवेळी कुणीतरी आजारी पडतंच. आणि प्रवासखर्च पाहुण्यांचा, राहणं-जेवण यजमानांचं, हे आधीच लिहून घ्या. कटुता बहुतेक पैशांवरूनच येते.

उंबरठा:
हे सगळं समितीच करते ना? मग महापालिका हवी कशाला?

हिशेबनीस:
सभागृह, विमा आणि शाळांशी संपर्क यासाठी. शाळांचंच घ्या. 1 ऑक्टोबर 2021 पासून युरोपीय संघातल्या बहुतेक नागरिकांना ब्रिटनमध्ये यायला ओळखपत्र चालत नाही, पासपोर्ट लागतो. 2023 च्या अखेरीस फ्रान्सच्या मुलांना सवलत मिळाली, पण ती शाळेने काढलेल्या सहलींना. समितीने नेलेल्या फुटबॉल संघाला तिचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे पासपोर्ट नाहीत ती मुलं मागे राहतात, आणि नेमकी तीच यायला हवी असतात.

उंबरठा:
शाळांचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी महापालिकेने फक्त मदत करावी. करार समित्यांचाच हवा, आणि तो मोडायचा अधिकारही त्यांचाच.