वेरूळ मंगळवारी बंद असतं! (सोसायटी ग्रुप)

देशमुख काकू (बी-३०४): नमस्कार सगळ्यांना. माझी नणंद आणि नंदावे नातवंडांना घेऊन नागपूरहून आलेत. काल मंगळवारी वेरूळला गेले आणि गेटवरूनच परत आले. आपल्या संभाजीनगरच्या त्या ऑनलाईन गाईडवर, ज्यात कुणालाही लिहिता-बदलता येतं, लिहिलं होतं म्हणे, वेरूळला सोमवारी सुट्टी असते. आपल्यातलेच चार-पाच जण त्यात लिहितात ना? मग बघत का नाही कुणी?

निखिल (ए-१०२): काकू, वाईट वाटलं. पानावर कुणी कधी काय बदललं ते उघडून बघितलं. बाहेरच्या कुणीतरी दोन्ही वार उलटे करून ठेवलेत. आत्ता दुरुस्त केलं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद.

सोनवणे (सी-२०१): आज पाणी येणारे का? टँकर कुणी सांगितला का?

देशमुख काकू: दुरुस्त केलंत ते छानच. पण लेकरं उन्हात रडत परत आली. घृष्णेश्वराचं मंदिर तिथून जवळ आहे आणि ते मंगळवारी पण उघडं असतं. एवढी एक ओळ असती तर दर्शन तरी घेऊन आले असते. रस्त्यात देवगिरीचा किल्ला आहे, तोही सांगितला नाही कुणी.

जोशी सर (ए-४०२): काकूंशी सहमत. विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, मी त्या गाईडला बीबी का मकबऱ्यावर सविस्तर लेख दिला होता. तो कापण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला?

निखिल: सर, महत्त्वाचं सगळं ठेवलंय. कबर दिलरस बानो बेगमची, औरंगजेबाच्या बायकोची, बांधकाम १६६१ च्या सुमाराचं, बांधणारे अताउल्ला आणि हंसपत राय. बाकीचं विकिपीडियावर शोभेल. गाईड वाचणारा माणूस रिक्षात बसून वाचत असतो सर. त्याला तिकीट कुठे मिळतं आणि उघडतं कधी, ते आधी लागतं.

जोशी सर: हंसपत रायचं नाव आपल्या शहरात किती जणांना माहीत आहे? रिक्षात बसलेल्यालाही कळू द्या की.

राठोड (सी-००५): तिकडं काय बी कापा. माझ्या मेव्हण्याच्या लॉजची नोंद काहून उडवली ते आधी सांगा. पंधरा ओळी लिहिल्या होत्या बसून.

कुलकर्णी मॅडम (बी-१०१): राठोडभाऊ, "मराठवाड्यातलं एक नंबर लॉज, एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल" ही नोंद होय? 😄

राठोड: मग खोटं आहे का? राहून बगा आधी.

देशमुख काकू: पुन्हा सांगते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. आपापल्या पाहुण्यांना कळवा. 🙏

शेखभाई (ए-२०३): काकू, एकदम बरोबर. माझं पण एक म्हणणं आहे. खाण्याच्या पानावर पिझ्झा-बर्गरच्या दुकानांना रकानेच्या रकाने, आणि नान-खलियाला एक ओळ. ती पण चूक. खलिया म्हणजे नुसता रस्सा नाही, मटण तासन् तास शिजतं त्यात. माणूस सिटी चौकात उभा राहून विचारतो, कुठं खाऊ? त्याला काय सांगायचं?

सोनवणे: शेखभाई, लिहून कळत नसतं. पातेलं पाठवा, मग लिहितो आम्ही.

शेखभाई: पातेलं रविवारी येईल. पण नोंद मीच लिहिणार. शहागंज, बुढी लेन सगळं लहानपणापासून पायाखालचं आहे.

निखिल: शेखभाई, तुम्हीच लिहा. मला हेच सांगायचंय. ज्यानं पाहिलंय त्यानं लिहावं. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवून पुढे बसनं जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्याला वर जायला डोली मिळते. वेरूळला कैलास म्हणजे १६ नंबर सगळे बघतात, पण ३० ते ३४ ही जैन लेणी तिथून बरीच लांब आहेत, म्हातारी माणसं चालत निघतात आणि दमतात. हे इथल्या माणसानं नाही सांगितलं तर कोण सांगणार?

कुलकर्णी मॅडम: पाणचक्कीची माहिती मला एका साईटवर मिळाली, फार सुंदर आहे. तशीच चिकटवू का?

निखिल: नको मॅडम. त्यातली माहिती घ्या, वाक्यं तुमची लिहा. आपल्या गाईडमधला मजकूर कुणालाही फुकट वापरता येतो, म्हणून दुसऱ्याच्या मालकीचं त्यात टाकता येत नाही. विकिव्हॉयेज म्हणून लोकांनीच लिहिलेलं प्रवासाचं गाईड आहे, तिथंही असंच आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या नकाशावर तर गुगल मॅप बघून गल्ल्या उतरवायलाही मनाई आहे. आपण पायी जाऊन बघायचं.

माने (सी-३०२): पानाचं नाव अजून जुनंच का आहे?

सचिव: २०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. पानावर तेच आहे. जुन्या नावानं शोधलं तरी तेच पान उघडतं. हा विषय इथे वाढवू नये ही विनंती.

माने: विचारलं फक्त. विचारायची पण चोरी झाली या ग्रुपवर.

जोशी सर: आणि ते "५२ दरवाजांचं शहर" एवढं लिहून भागत नाही. पाहुणा विचारतो, कुठेत ५२? आज जे उभे आहेत ते एकेक लिहा. भडकल, दिल्ली, मकाई, पैठण, रंगीन, काळा. भडकल १६१२ चा, मलिक अंबरनं मोगलांवरच्या विजयानंतर उभारला. आपल्यातले किती जण त्याच्याखालून रोज जातात!

निखिल: सर, ही खरी नोंद. दरवाजांचं पान तुम्ही घ्या. फोटो मी काढतो. फक्त प्रत्येकाला पाच ओळी.

जोशी सर: आठ.

निखिल: बरं, भडकलला आठ. 🙏

सोनवणे: टँकरचं कुणीच बोलायला तयार नाही. दरवाजे मोजायलेत सगळे.

सचिव: सोनवणे, टँकर संध्याकाळी पाचला. सकाळीच सांगितलंय, वर बघा.

देशमुख काकू: अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. निखिल, उद्या परत कुणी उलटं केलं तर?

निखिल: काकू, त्या पानावर लक्ष ठेवायचं बटण आहे. दाबून ठेवलं की बदल झाला की कळतं. तुमच्या मोबाईलवर संध्याकाळी लावून देतो. घृष्णेश्वराची ओळ पण तेव्हा तुम्हीच टाका.

देशमुख काकू: मला जमेल का रे? ये तू. चहा घेऊन जा.

राठोड: माझ्या लॉजचं राहिलंच. पत्ता, फोन तरी राहू द्या की राव. गरीब माणूस आहे तो.

निखिल: राठोडभाऊ, पत्ता, फोन, खोलीचे दर, स्टेशनपासून अंतर, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं, सगळं टाका. "एक नंबर" तेवढं काढा. आणि आणखी दोन लॉजची नोंद पण तुम्हीच करा, तुमची ओळख आहे सगळीकडे.

राठोड: दुसऱ्यांची मी काहून लिहू?

कुलकर्णी मॅडम: कारण मग तुमच्या मेव्हण्याच्या नोंदीवर लोकांचा विश्वास बसेल.

राठोड: बगतो. गरम पाणी नऊपर्यंत असतं, लिहून घ्या.