मुंबई ते न्यूयॉर्क साडेसहा तासांत??

देवगडवाला:
आईला ताईच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला पाठवतोय, तिचा पहिलाच विमानप्रवास. डायरेक्ट तिकीट आहे, मुंबईहून १५ जुलै १:४५ आणि न्यूयॉर्कला १५ जुलै ८:१५. म्हणजे साडेसहा तास? आमच्याकडून दादर गाठायला तुतारी एक्स्प्रेसला अख्खी रात्र जाते आणि अमेरिका साडेसहा तासांत? अंतर तर साडेबारा हजार किमी दाखवतंय. एजंटला विचारलं तर "बरोबर आहे हो" म्हणाला नि फोन ठेवला. १४ ला रात्री कणकवलीहून ट्रेन, १५ ला सकाळी दादर, दिवसभर मावशीकडे आराम, मग रात्री विमानतळ असा प्लॅन आहे. आईला नक्की किती तास बसावं लागेल?

चिपळूणची रेखा:
अहो तिकिटावर जिथली वेळ तिथलीच छापतात. जुलैत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं (थंडीत साडेदहा, ते लोक घड्याळं मागे घेतात), तेव्हा साडेसहा अधिक साडेनऊ, झाले १६ तास. मी गेलेय सासूबाईंना घेऊन, दर दोन तासांनी उठवून फिरवायचे, नाहीतर पाय सुजतात. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि आंबे-फणस काही देऊ नका बरोबर, कस्टमवाले तिथेच कचऱ्यात टाकतात, जीव जळतो.

बोटीवरचा:
नकाशात बघून सरळ पश्चिमेला जात असतील असं वाटतं, पण तसं नाही. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो वर चढत पार नॉर्वे-आइसलँडच्या वरून जातो. सगळ्यात जवळचा रस्ता तोच, साडेबारा हजार किमी तो धरूनच. प्रत्यक्षात विमान कुठल्या देशाच्या हद्दीतून जाता येतं ते बघून वळसे घेतं. ताशी ९०० ने १४ तास व्हायला हवेत, पण वर दहाएक किमीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, जाताना तो तोंडावर येतो. येताना तोच पाठीशी, म्हणून परतीला तास-दीड तास वाचतो. आम्हाला बोटीवर प्रवाहाचं असंच होतं.

मालवणी झील:
रे ता सगळा ऱ्हवांदे. १५ चे १:४५ म्हणजे १४ ची रात्र! बारा वाजले काय तारीख बदलता. तुझी आवस १५ क सकाळी दादराक उतरतली तवसर विमान केव्हाच उडान गेलेला आसतला.

चिपळूणची रेखा:
अगंबाई, हे माझ्या लक्षातच आलं नाही! १४ ला रात्री दहाच्या आत विमानतळावर पोचा. आणि सध्या कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आहे, गाड्या हळू चालतात, एक दिवस हातात ठेवाच.

देवगडवाला:
बापरे. झीलभाऊ, पाया पडतो. ट्रेनचं १२ तारखेचं तिकीट बघतोय, वेटिंग आहे, नाहीतर रातराणी. आईला सांगितलं तर म्हणते, मी आधीच म्हटलेलं, रात्री पावणेदोनला कोण निघतं घरातून, नीट विचार म्हणून.