मदत हवी आहे: दाव्याची नोटीस आली आहे, कंपनीचा डेटा जसाच्या तसा कसा राखायचा?

जाणकारांनी कृपया लवकर उत्तर द्यावं.

आमच्या एका जुन्या पुरवठादाराने वकिलामार्फत कंपनीला नोटीस पाठवली आहे. दावा अजून दाखल नाही, पण होणार हे दिसतंय. मी आयटीत सिस्टिम्स सांभाळते. लीगलकडून मला दोन ओळींची मेल आली: या व्यवहाराचा सगळा डेटा जपून ठेवा, काही डिलीट होऊ देऊ नका. 'सगळा' म्हणजे कोणाकोणाचा, कधीपासूनचा, याचा पत्ता नाही.

आतापर्यंत केलं ते असं. डिलीट केलेल्या मेल आमच्याकडे ३० दिवसांनी कायमच्या जातात. व्यवहारात असलेल्या ११ जणांच्या मेलबॉक्सवर तो नियम थांबवला. बॅकअपच्या टेप आलटून पालटून वापरतो, त्यातला सर्वात जुना संच बाजूला काढला.

आता जिथे माझी झोप उडाली आहे ते सांगते. खरेदी विभागातला एक सहकारी गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेला. त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करून दुसऱ्याला देण्याच्या यादीत होता, तो वेळेत सापडला. पण घाईघाईत मी तो सुरू केला, लॉगिन केलं आणि करारांचा फोल्डर कॉपी करून शेअर्ड ड्राइव्हवर टाकला. मग एका फाइलच्या प्रॉपर्टीज उघडल्या, तर 'मॉडिफाइड'समोर दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि 'क्रिएटेड'समोर आजची! पोटात गोळा आला. पुरावा बिघडवला का मी? ती कॉपी काढून टाकू का?

दुसरं, बरंचसं बोलणं लोकांच्या स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपवर झालंय आणि त्या ग्रुपवर मेसेज ७ दिवसांनी आपोआप जातात.

प्रतिसाद १

कॉपी काढू नका. नोटीस आल्यानंतर काहीही डिलीट केलेलं वाईटच दिसतं. तारीख बदलली आहे ती कॉपीची. विंडोजमध्ये साधी कॉपी केली की नव्या फाइलला नवी क्रिएटेड तारीख मिळते. लॅपटॉपवरच्या मूळ फाइलची तारीख शाबूत असणार. लॉगिनमुळे लॉगमध्ये नव्या नोंदी पडल्या आणि काही सिस्टिम फाइली बदलल्या, हे मात्र खरं. म्हणून आजच कागदावर लिहा: किती वाजता सुरू केला, कोणत्या खात्याने, काय उघडलं, कुठे कॉपी केलं. सही करून वकिलांना द्या. मान्य केलेली चूक सांभाळता येते, लपवलेली नाही.

लॅपटॉप आता बंदच ठेवा. डिस्क एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी) असेल तर नुसता चालू राहिला तरी डिलीट झालेल्या फाइलींची जागा आतल्या आत पुसली जाऊ शकते. फॉरेन्सिकवाल्याकडून (डिजिटल पुरावा तपासणाऱ्याकडून) राइट ब्लॉकर, म्हणजे डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण, लावून डिस्कची बिट-टू-बिट इमेज (हुबेहूब प्रत) काढून घ्या आणि तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला ठशासारखा आकडा, नोंदवा. इमेजमधला एक बिट जरी बदलला तरी हॅश जुळत नाही, त्यामुळे वर्षभराने कोणी शंका घेतली तरी दाखवायला आधार राहतो. काम दुसऱ्या प्रतीवर करा. लॅपटॉप कोणी कोणाला कधी दिला याचा तक्ता आजपासून ठेवा.

आणखी एक, कारण हे नेहमी राहून जातं: त्या माणसाचं खातं डिलीट करू नका. खात्याबरोबर मेलबॉक्स जाऊ शकतो. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) बंद असेल आणि ती उघडायची रिकव्हरी की त्या खात्याखाली असेल, तर तीही हातची जाईल.

प्रतिसाद २

मी कंपनीच्या कायदेशीर बाजूचं काम करते. डेटा राखण्याची जबाबदारी दावा दाखल झाल्यावरच सुरू होते असं अनेकांना वाटतं. अमेरिकेत तरी तसं नाही, वाद होणार हे दिसलं की ती सुरू होते. झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग खटला वाचा, एका कर्मचारी बाईने आपल्या बँकेवर केलेला. वकिलांनी सांगूनही बँकेच्या कर्मचाऱ्यांनी मेल डिलीट केल्या, तेव्हा न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००४ मध्ये ठरवलं की त्या मेल बँकेच्या विरोधात होत्या असं ज्युरीला धरता येईल. २००५ मध्ये ज्युरीने बँकेला २.९ कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. पुढे २०१५ मध्ये तिथला नियम बदलला, आणि इतकी कडक शिक्षा आता मुद्दाम नष्ट केल्याचं दिसलं तरच होते. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, त्यामुळे तुमच्या वकिलांना विचाराच.

लीगलकडून दोन ओळींऐवजी रीतसर होल्ड नोटीस (डेटा राखण्याची लेखी सूचना) मागा: नावं, कालावधी, विषय आणि प्रत्येकाची पोच. वकिलांशी झालेल्या मेलही राखायच्या. राखणं वेगळं, समोरच्याला देणं वेगळं.

फोनचं आज संध्याकाळच्या आत करा. टायमर बंद केल्याने गेलेले मेसेज परत येत नाहीत, पण पुढचे वाचतात. फोन त्यांचा स्वतःचा आहे, म्हणून लेखी संमती घ्या. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टिपण लिहून वकिलांना दिलं. लॅपटॉप सीलबंद पाकिटात, कुलपात आहे. ११ पैकी ९ जणांनी टायमर बंद केल्याचं लिहून दिलं, उरलेले दोघे प्रवासात आहेत, त्यांना फोन केलाय. रिकव्हरी की खरंच त्याच खात्यात होती आणि ते खातं शुक्रवारी बंद होणार होतं.