"पैसे ३० दिवसांनी देऊ" म्हटल्यावर मूळ प्रस्ताव उरतो का? (करार कायदा, बीकॉम)

प्रश्न – वाणिज्य_दुसरं_वर्ष

करार कायद्याच्या पेपरात येतो तसा एक प्रसंग आहे. वर्गात त्यावर सरळ दोन गट पडलेत, म्हणून इथे मांडतो.

'अ' हा इचलकरंजीचा यंत्रमागधारक, 'ब'चा पुण्यात शर्ट शिवण्याचा कारखाना. सोमवारी सकाळी अ व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतो: पॉपलिन २,००० मीटर, मीटरला ११० रुपये, माल पोचल्यापासून ७ दिवसांत पैसे, हा दर बुधवार संध्याकाळपर्यंत. दुपारी ब लिहितो, "दर मान्य. पैसे ३० दिवसांनी देऊ." अ काहीच बोलत नाही. मंगळवारी ब लिहितो, "बरं, ७ दिवसांत देतो, माल पाठवा." त्यावर अ म्हणतो, "सूत महागलंय, आता ११८."

१) मंगळवारी करार झाला का? मुदत तर बुधवारपर्यंत होती.
२) कुठेही सही नाही, स्टँप नाही. याने काही बिघडतं का?
३) करार झाला असं धरलं, तर ब ला भरपाई किती? आणि "उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये दंड" असं ठरलं असतं तर ते जसंच्या तसं वसूल होतं का?

उत्तर – कलम_सात

पहिल्याचं उत्तर: करार झाला नाही. पण तुमच्यातल्या बहुतेकांनी त्याचं कारण चुकीचं धरलं असेल, असं मला वाटतं.

भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७ म्हणतं, स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. "दर मान्य" इथपर्यंत ठीक होतं. "पैसे ३० दिवसांनी" म्हटल्याबरोबर ती स्वीकृती राहिली नाही, ब चा नवा प्रस्ताव झाला. प्रतिप्रस्ताव आला की मूळ प्रस्ताव संपतो. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच खटल्यात हेच घडलं. शेत १,००० पौंडांना देऊ केलं होतं, घेणाऱ्याने ९५० म्हटलं, विकणाऱ्याने नकार दिला. मग घेणारा १,००० ला तयार झाला, पण तोवर स्वीकारायला प्रस्तावच उरला नव्हता. आपल्या प्रसंगातही मंगळवारचा निरोप हा ब चा आणखी एक प्रस्ताव आहे. तो स्वीकारायचा की नाही, हे अ ने ठरवायचं.

आता "बुधवारपर्यंत" या शब्दाचं. निम्मे विद्यार्थी इथे घसरतात. अमुक दिवसापर्यंत दर कायम ठेवतो, या नुसत्या वचनाला मोबदला (म्हणजे त्या बदल्यात समोरच्याने दिलेलं काही) नसेल तर ते बांधत नाही. स्वीकृती पूर्ण होण्याआधी प्रस्ताव केव्हाही मागे घेता येतो (कलम ५). मुदतीचा उपयोग इतकाच की ती उलटली की प्रस्ताव आपोआप संपतो (कलम ६). दर बुधवारपर्यंत खरोखर बांधून घ्यायचा असेल, तर त्यासाठी ब ने वेगळा मोबदला द्यायला हवा होता. छोटी रक्कमही चालते, कारण मोबदला पुरेसा आहे का हे कायदा पाहत नाही, तो असला की झालं.

वाणिज्य_दुसरं_वर्ष

म्हणजे ब ने "३० दिवस चालतील का?" असं विचारलं असतं तर?

कलम_सात

मग सगळं चित्र उलटतं. विचारणा म्हणजे प्रतिप्रस्ताव नव्हे. १८८० चा स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन खटला तुमच्या प्रसंगाचा जुळा भाऊ म्हणावा असा आहे. लोखंड टनाला ४० शिलिंग रोखीने, दर सोमवारपर्यंत खुला. घेणाऱ्याने तारेने विचारलं, दोन महिन्यांत माल घेतला तर ४० चालतील का, नाहीतर जास्तीत जास्त किती मुदत द्याल? कोर्टाने ही चौकशी मानली, नकार नाही. प्रस्ताव जिवंत राहिला आणि नंतरच्या स्वीकृतीने करार झाला.

तेव्हा उत्तर लिहिताना ब चे नेमके शब्द उद्धृत करा. "देऊ" आणि "चालेल का" यांवर सगळा निकाल फिरतो. पेपर तपासणारा तेच शोधत असतो.

उत्तर – खरेदी_विभाग

वरच्या उत्तरात एक शक्यता राहिली, आणि व्यवहारात भांडणं सगळ्यात जास्त तीच लावते. समजा, "३० दिवसांनी देऊ" या निरोपानंतर अ ने एक शब्द न लिहिता माल ट्रकमध्ये भरून पाठवला. मग? कलम ८ प्रमाणे कृतीनेही स्वीकृती होते. शेवटचा जिवंत प्रस्ताव ३० दिवसांचा होता, म्हणून करार ३० दिवसांवर झाला. नंतर बिलावर "७ दिवसांत पैसे, नंतर २४ टक्के व्याज" छापलेलं असलं तरी एकदा झालेल्या करारात एकट्याने कलम घुसवता येत नाही. नुसतं गप्प बसणं मात्र स्वीकृती नव्हे. त्यामुळे "दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर मान्य समजू" हे वाक्य समोरच्याला बांधत नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं एक वेगळं बंधन आहे. अ त्या वर्गातला नोंदणीकृत उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १५ मुळे लेखी ठरवूनसुद्धा पैशाची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. ३० दिवस त्या मर्यादेत बसतात, ९० बसले नसते.

उत्तर – मुद्रांक_आणि_पुरावा

दुसऱ्या प्रश्नावर. कलम १० नुसार ठरावाचा (दोघांच्या आपसातल्या कबुलीचा) करार व्हायला लागतं ते असं: मुक्त संमती, करारास पात्र पक्ष, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश, आणि कायद्याने तो ठराव रद्दबातल ठरवलेला नसावा. यात कागद नाही, सही नाही, स्टँपही नाही. मालाचा तोंडी सौदा पूर्ण करार आहे. लेखीची गरज ठराविक जागी येते: मुदतबाह्य (दावा लावायची मुदत उलटलेलं) कर्ज फेडण्याचं वचन, प्रेमापोटी जवळच्या नातेवाइकाला दिलेलं वचन (ते नोंदणीकृतही हवं), लवादाचा करार, अशा ठिकाणी.

इलेक्ट्रॉनिक निरोपांतून झालेला करार तेवढ्याच कारणाने अवैध ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ म्हणतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत अ‍ॅल्युमिनियम खटल्यात बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ईमेलवरच पक्का झाल्याचं धरलं. औपचारिक करारपत्रावर सही व्हायची राहिली होती, त्याने फरक पडला नाही.

स्टँप हा पुराव्याचा आणि महसुलाचा मुद्दा आहे. कागद केला असेल आणि मुद्रांक कमी असेल, तर महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या कलम ३४ मुळे तो तसाच पुराव्यात घेत नाहीत. उरलेलं शुल्क आणि दंड भरला की घेतात. म्हणजे दोष दुरुस्त होणारा आहे, करार मरत नाही. (जुन्या नोट्समधला "१०० चा स्टँप" खोडा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तो ५०० चा झाला.)

व्हॉट्सअ‍ॅपचं खरं दुखणं पुढे आहे. स्क्रीनशॉटची छापील प्रत कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ६५-ब होतं. मूळ फोनच हजर केला तर गोष्ट वेगळी. नाहीतर प्रमाणपत्र सक्तीचं आहे, हे जालन्याच्या निवडणूक याचिकेतून आलेल्या २०२० च्या खोतकर निकालाने पक्कं केलं. फोन बदलताना मूळ संभाषण पुसलं गेलं, तर भक्कम करारही सिद्ध करणं कठीण जातं.

उत्तर – हिशेब_आणि_हर्जाना

तिसरा प्रश्न. कलम ७३ चं सूत्र: माल मिळायला हवा होता त्या दिवशीचा बाजारभाव वजा कराराचा भाव. त्या दिवशी पॉपलिन १२२ ला मिळत असेल तर १२ गुणिले २,००० म्हणजे २४,००० रुपये. अ ने ११८ मागितले म्हणून ८ च्या फरकावर हिशेब करू नका, कारण अ चा नवा दर म्हणजे बाजारभाव नव्हे. भाव उलट १०८ वर उतरला असेल तर या सूत्राने काहीच मिळत नाही.

भाव कुठल्या गावचा, हेही पाहा. १९६२ चा मुरलीधर चिरंजीलाल खटला कापडाचाच आहे. कॅनव्हास कानपूरहून कलकत्त्याला जायचा होता, पण सौद्यात ताबा कानपूरला रेल्वे पावतीने द्यायचा होता. खरेदीदाराने कलकत्त्याचा भाव सांगितला, कानपूरचा सिद्ध केला नाही, आणि दावा गेला.

ब चा एखादा मोठा निर्यात ऑर्डर बुडाला, तर तो नफा मागायला अ ला ते करार करतानाच माहीत असायला हवं. शिवाय नुकसान आटोक्यात ठेवायला ब ने वाजवी प्रयत्न केले का, हेही कोर्ट बघतं. भाव चढत असताना महिनाभर थांबून मग १३० चा दर लावता येणार नाही.

दंडाच्या कलमाबाबत इंग्लंडचा नियम (दंड वेगळा, भरपाईचा आधी केलेला अंदाज वेगळा) इथे उतरवू नका. आपल्याकडे कलम ७४ आहे: ठरलेला आकडा ही वरची मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई. फतेह चंद खटल्यात (१९६३) घराच्या सौद्यापोटी २५,००० रुपये दिले होते. करार मोडल्याबद्दल त्यातले फक्त १,००० विसार म्हणून जप्त करू दिले, कारण बाकीच्याइतकं नुकसान दाखवलं नव्हतं. ५,००० रोजचे सहा दिवस म्हणजे ३०,००० आपोआप मिळतात, असं लिहिलं तर मार्क जातील. नुकसान मोजता येण्याजोगं असेल तर ते दाखवावं लागतं. मोजणं कठीण असेल, तर आधी केलेला प्रामाणिक अंदाज कोर्ट मान्य करतं.

वाणिज्य_दुसरं_वर्ष

खूप आभार. एक राहिलं: हाच सौदा फोनवर झाला असता तर करार इचलकरंजीला झाला म्हणायचं की पुण्याला?

कलम_सात

ज्याने प्रस्ताव मांडला त्याला स्वीकृती जिथे ऐकू आली, तिथे. हा नियम खामगावच्या सौद्यातून आला. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने फोनवर सरकीची पेंड मागितली, खामगावच्या केडिया जिनिंगवाल्यांनी तिथून होकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये बहुमताने करार अहमदाबादला झाला असं धरलं. पत्राचा नियम, म्हणजे टपालात टाकलं की झालं, फोनला लागू नाही. न्या. हिदायतुल्ला यांचं भिन्नमत कलम ४ चे शब्द धरून आहे, जमलं तर तेही वाचा.

तुमच्या प्रसंगात अ चा प्रस्ताव ब ने पुण्यातून फोनवर बिनशर्त स्वीकारला असता, तर करार इचलकरंजीचा. बिलावर छापलेलं "इचलकरंजी न्यायक्षेत्र" (म्हणजे वाद तिथल्याच कोर्टात) हे मात्र दोन गोष्टी असतील तरच टिकतं: दोघांनी ते मान्य केलेलं असावं, आणि त्या कोर्टाला मुळात अधिकार असावा. त्यात "फक्त" हा शब्द नसला तरी चालतं, हे २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस निकालात स्पष्ट झालं आहे.